चार चमचे मीठ

रविवारी दुपारी आम्ही वॉलॉंगॉंगहून घरी आलो. मी चपलाही न काढता माशांच्या टाकीपाशी गेलो, आणि जागच्या जागी थांबलो. चंद्राने शेपटी गवताच्या काडीला गच्च गुंडाळली होती आणि तो कमरेत वाकून पोट पुढे ढकलत होता. वाकायचा, ताठ व्हायचा, पुन्हा वाकायचा.

"देवयानी!" मी ओरडलो. "चंद्राला कळा सुरू झाल्यात!"

माझी मुलगी इथे परदेशात, ब्लॅकटाउनच्या हॉस्पिटलात सुईण आहे. रोज बाळंतपणं करते, तरी बाळंतपण म्हटलं की तिच्या अंगात वारं शिरतं. हातातल्या पिशव्या दारातच टाकून ती धावली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"बाबा, अजून आठवडा होता ना?"

"तूच म्हणतेस ना, तारीख डॉक्टरची असते, बाळाची नसते?"

चंद्रा नर आहे, हे आधीच सांगून टाकतो. समुद्रघोड्यांत पिल्लं बापाच्या पोटातल्या पिशवीत वाढतात. मादी आपली अंडी त्याच्या पिशवीत सोडते आणि मोकळी होते. दीड वर्षापूर्वी माझा जावई यतिन ही जोडी घरी घेऊन आला, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्याला पोट दिसलं त्याला मी बाई समजलो आणि चंद्रा म्हणालो. दुसरी सडपातळ, तिचं नाव बंडू ठेवलं. खरं काय ते कळेपर्यंत नावं तोंडात बसली होती. म्हणून आमच्या घरात चंद्रा हा बाप आणि बंडू ही आई.

मी रायगडच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं होडीवर काढली. जाळ्यात घोडे यायचे, पण ते मेलेले किंवा मरायला टेकलेले. खेकड्यांच्या तुटक्या नांग्यांबरोबर आम्ही ते फळीवर सारून द्यायचो, उन्हात वाळून जायचे. जिवंत घोडा पाण्यात कसा उभा राहतो, कसा एक डोळा पुढे आणि एक मागे फिरवतो, हे मी सत्तरी ओलांडल्यावर क्वेकर्स हिलमधल्या एका खोलीत पाहिलं. इथे समुद्रातला घोडा धरायला बंदी आहे. हे दोघं वॉलॉंगॉंगकडच्या एका माणसाच्या टाकीतच जन्मलेले. तो त्यांची पैदास करतो.

यतिन पुण्याचा. मासा त्याने जन्मात तोंडाला लावलेला नाही. देवयानी म्हणते, "बापाने मासे मारले, नवरा मासे पाळतो, माझं नशीबच खारट." पण ती दोघं कामावर गेली की दिवसभर घरात मी आणि हे दोन घोडे. सकाळी खोलीत गेलो की दोघंही काचेपाशी येतात. शेजारीपाजारी मराठी बोलणारं कुणी नाही, त्यामुळे माझं बरंचसं बोलणं त्यांच्याशीच होतं.

आता मुख्य गोष्ट. चंद्राची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला पिल्लं अचानक झाली, त्यांचं खाणं तयार नव्हतं. खाणं मिळायला दीड दिवस गेला आणि तोवर त्यांच्यात तोंड उघडायचीही ताकद उरली नाही. दुसऱ्या खेपेला खाणं होतं, पण त्यात अंड्यांची टरफलं गेली. पिल्लांनी ती गिळली, पोटं तटतटली, आणि पाचवीच्या दिवशी शेवटचं पिल्लू गेलं. मेलेली पिल्लं गाळणीने काढायचं काम देवयानी करायची. त्या दिवशी तिने गाळणी ओट्यावर आपटली.

"मी दिवसभर तिथे रडणारी बाळं हातात घेते आणि घरी येऊन ही गाळते. बस झालं. पुढच्या वेळी बारशापर्यंत एक तरी टिकलं पाहिजे. एक! नाहीतर ही जोडी मी वॉलॉंगॉंगला परत देऊन येणार."

"बाराव्या दिवसापर्यंत?" यतिन म्हणाला.

"बारसं बाराव्याच दिवशी असतं, यतिन. पुण्यात वेगळं असतं का?"

ती उगाच बोलत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून या खेपेला मी जय्यत तयारी केली. पिल्लांना लागतो तो एक अगदी बारीक झिंगा. इथे त्याला ब्राइन श्रिंप म्हणतात, मी खारजवळा म्हणतो. त्याची वाळलेली अंडी डबीत मिळतात, नाचणीच्या पिठासारखी दिसतात. दोन लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगायची, त्यात मिठाचं पाणी आणि अंडी घालायची, तळाशी हवेची नळी सोडायची. एक-सव्वा दिवसात पाण्यात केशरी धूर पसरल्यासारखं दिसतं. तो धूर म्हणजे लाखभर खारजवळा. टरफलांचा बंदोबस्तही मी केला होता. बाटलीच्या एका बाजूला बॅटरी लावायची. जवळा उजेडाकडे धावतो, टरफलं मागे राहतात. होडीवर कंदील टांगलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

शनिवारी यतिनच्या मित्राची, नंदूची, वास्तुशांत होती. वॉलॉंगॉंगला मुक्काम करायचा होता. चंद्राला अजून आठवडा होता, तरी एक बाटली सतत तयार असावी असा माझा हट्ट. शिळी बाटली ओतून नवी लावायचं काम आम्ही शेजारच्या टेरीवर सोपवलं. टेरी रेल्वेतून रिटायर झालेला, माझ्याच वयाचा. आम्हा दोघांना मिळून वीसेक शब्द समान येतात, पण कुंपणापाशी तासन् तास गप्पा चालतात. मी अंड्यांची पुडी बांधून ठेवली, पाणी भरून ठेवलं, मिठाचा डबा आणि चमचा शेजारी ठेवला. मग फ्रिजवर चिठ्ठी लावली. इंग्रजी शब्द यतिनने फोनवर दाखवले, ते मी एकेक अक्षर बघून उतरवले. आकडा तेवढा माझा मी घातला.

तर रविवारी दुपारी चंद्राला कळा लागल्या आणि मी आनंदाने बाटलीकडे वळलो.

बाटलीत केशरी काही नव्हतं. पाणी स्वच्छ, आणि तळाशी तपकिरी अंडी जशीच्या तशी घुसळत होती. मी बॅटरी लावली. उजेडाकडे धावलेले जीव मोजले असते तर वीससुद्धा भरले नसते.

"आली!" मागून देवयानी ओरडली. "बाबा, आली, आली!"

चंद्राने एक जोराचा झटका दिला आणि पिशवीच्या तोंडातून पिल्लांचा लोट बाहेर उडाला. कुणीतरी पानभर स्वल्पविराम पाण्यात झटकून टाकावेत तसा. नखाएवढी पिल्लं, पण नाक, शेपटी, डोळे, सगळं जागच्या जागी. पुन्हा झटका, पुन्हा पन्नास-साठ. चंद्रा दमला होता, तरी थांबत नव्हता. बंडू एका बाजूला तरंगत बघत होती, तिचा काही संबंधच नसल्यासारखी.

"हा बघ नवरा," देवयानी यतिनला म्हणाली, "शीक काहीतरी."

यतिन हसला नाही. तो माझ्याकडे आणि बाटलीकडे बघत होता. "बाबा, हे फुटलं का नाही?"

मी बोट बुडवून जिभेला लावलं. तोंड कडू झालं. समुद्रापेक्षा दुप्पट खारट पाणी.

"मीठ जास्त पडलंय. बोलवा त्या टेरीला!"

टेरी कुंपणाच्या फाटकातून हसतच आला. "बेबीज? ऑलरेडी? ब्यूटी!"

"टेरी, मीठ किती घातलंस?" यतिनने इंग्रजीत विचारलं.

"एट स्पून्स. जसं बॉसने लिहिलंय तसं."

"एट?" माझा आवाज चढला. "नो एट! फोर! आय राइट फोर!" आणि पुढचं मराठीतच सुटलं. "डोळे घरी ठेवून आला होतास का रे? चार आणि आठ कळत नाही तुला?"

"बाबा," देवयानी टाकीवरून मान न वळवता म्हणाली, "त्याला मराठी कळत नाही, पण सूर कळतो."

टेरी रागावला नाही. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजवरची चिठ्ठी घेऊन आला आणि माझ्यापुढे धरली. बोटाने आकडा दाखवला. "देअर. एट. वरचं तोंड जरा उघडं राहिलंय, मेट, पण आहे तर आठच."

मी बघितलं. माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ४.

यतिनने कपाळावर हात मारला. "बाबा, हा आपला चार आहे. त्याला आठच दिसणार!"

घड्याळातले, बसवरचे इंग्रजी आकडे मी ओळखतो. फोनही लावतो. पण अक्षरं मी पंचावन्नाव्या वर्षी शिकलो, गावच्या प्रौढ वर्गात, आणि हातात पेन आलं की हात तेच लिहितो जे तिथल्या बाईंनी गिरवून घेतलं. चूक टेरीची नव्हती. ज्याच्यावर मी ओरडलो त्याने माझ्या शब्दाबाहेर एक चमचासुद्धा घातला नव्हता.

"सॉरी, टेरी," मी म्हणालो. "माय फोर. युवर एट."

"नो वरीज," टेरी म्हणाला आणि माझ्या पाठीत एक दणका घातला. "आता पोरांना खायला काय?"

नवी बाटली लावली तरी उद्या संध्याकाळशिवाय फुटणार नव्हती. म्हणजे पुन्हा सव्वा दिवस उपाशी. पहिल्या खेपेसारखंच. देवयानी स्टीलच्या वाटीने पिल्लं अलगद उचलून गोल टबात सोडत होती, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले मला दिसत होते.

आणि मला एकदम सुचलं. समुद्रात पिल्लांना कोण बाटली लावून देतं?

"टेरी, तू मासे धरायला कुठे जातोस? तिवरं असलेली खाडी कुठे आहे?"

यतिनने ते इंग्रजीत विचारलं. "ब्रुकलिन," टेरी म्हणाला. "हॉक्सबरी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे. पाऊण तास. मासेमारीचं लायसन्स माझ्याकडे आहे. गाडी काढतो."

"बाबा, तिथल्या पाण्यातून काही रोग आला तर?" यतिन म्हणाला.

"आणि उपाशी राहिली तर काय येईल, जावईबापू? गाळून, धुऊन घालू. चला!"

नवी बाटली लावायला दोन मिनिटं लागली. या वेळी मीठ मी स्वतः मोजलं. जाळं कशाचं करायचं, हा प्रश्न होता. ज्या जिवांच्या मागे मी निघालो होतो ते मिठाच्या दाण्याहून लहान. मी स्वयंपाकघरातले खण उघडत सुटलो आणि एका खणात मला हवं ते मिळालं. मलमलीचं पांढरं फडकं.

"अहो बाबा, ते आईचं चक्क्याचं फडकं आहे!" यतिन म्हणाला. "पुण्याहून आणलंय तिने. श्रीखंडाचं!"

"आजपासून ते जाळं आहे."

"तिला कळलं तर..."

"कोण सांगणार आहे? टेरी?"

गाडीत मी बोटांवर तिथी मोजली. पंचमी. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. "पावणेचारला पूर्ण भरती," मी छातीठोकपणे सांगितलं.

टेरीने फोन दाखवला. भरती दीडलाच होऊन गेली होती, पाणी उतरायला लागलं होतं.

"बाबा," यतिन मागच्या सीटवरून म्हणाला, "आज तुमचे आकडे कुठेच लागू पडत नाहीत हो."

मी हसलो, आणि मनातून मला बरंच वाटलं. उतरतं पाणीच मला हवं होतं. ओहोटीला तिवरांच्या मुळांतलं पाणी बाहेर निघतं आणि मुळांत वाढलेलं सगळं बारीकसारीक बरोबर घेऊन येतं.

ब्रुकलिनला गाडीतून उतरलो आणि चिखलाचा वास नाकात गेला. खारट, जरासा कुजका, ओळखीचा. मी हँगरची तार वाकवून गोल केली होती, फडक्याची पिशवी त्यावर टाचली होती, खालच्या टोकाला काचेची बरणी बांधली होती. लाकडी धक्क्याच्या कडेने मी ते पाण्यात सोडलं आणि ओढत चालू लागलो. घाई केली की पाणी फडक्याबाहेरून वळसा घेतं, म्हणून लहान मूल बोटाला धरून चालवावं तसा चाललो. दोन मुली आइस्क्रीम खात आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "व्हॉट आर यू कॅचिंग?"

टेरी गंभीरपणे म्हणाला, "डिनर. फॉर थ्री हंड्रेड."

पहिली बरणी वर काढली. नुसता गाळ. दुसरी काढली, त्यात एक पारदर्शक जेलीचा गोळा आणि पानाचा तुकडा. मी पुढे गेलो, जिथे तिवरांतून एक लहानसा ओहोळ बाहेर येत होता. तिथे तिसऱ्यांदा ओढली आणि बरणी उन्हाकडे धरली.

पाणी जिवंत होतं. शेकडो पांढुरके ठिपके, आणि प्रत्येक ठिपका धक्का बसल्यासारखा टुणकन उडत होता. थांबत होता, पुन्हा उडत होता.

"जावईबापू!" माझ्या ओरडण्याने धक्क्यावरचा बगळा उडाला. "हे बघा! पंगत बसायची सोय झाली!"

यतिनने चष्मा वर केला. "कोपेपॉड! बाबा, हे तर खारजवळ्यापेक्षा भारी! मासे पाळणारे लोक याच्यासाठी जीव टाकतात!" आणि ज्याने जन्मात मासोळी तोंडाला लावली नव्हती तो माझा जावई बुटासकट गुडघाभर चिखलात उतरला. फडकं आता तो ओढत होता. टेरी चहाच्या गाळणीने मोठे किडे वेगळे काढत होता आणि मी बरण्या भरत होतो. सहा बरण्या झाल्या.

घरी पोचलो तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. देवयानी टबाशेजारी जमिनीवर बसली होती.

"तीनशेच्या आसपास आहेत. चंद्रा ठीक आहे. झोपलाय," ती म्हणाली. मग यतिनच्या पँटीकडे बघून, "हे काय?"

"नंतर सांगतो. फडक्याचं पण नंतर सांगतो."

आम्ही बरण्यांतलं पुन्हा गाळलं, टाकीच्या पाण्याने धुतलं आणि टबात सोडलं. ठिपके पाण्यात पसरले. पिल्लं वर्तुळात फिरत होती, नाकं पुढे करून. आम्ही चौघं वाकलो. एक ठिपका एका पिल्लाच्या तोंडासमोरून उडत गेला, पिल्लाने नुसतं बघितलं. दुसरा गेला, तोही सोडून दिला.

"नाही खात," देवयानी हळूच म्हणाली.

"थांब."

त्याच पिल्लाने मान मागे घेतली, डोळा फिरवला, आणि टच्! ठिपका नाहीसा झाला. एवढ्याशा जिवाने मान अशी झटकली की मला आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. शेजारच्याने झटकली. मग पलीकडच्या दोघांनी. मग सगळ्या टबात टच्, टच्, टच् सुरू झालं.

"खातायत!" देवयानीने माझा दंड इतका दाबला की तिची बोटं उमटली. "बाबा, खातायत रे!"

लहानपणी ती मला अरेतुरे करायची. किती वर्षांनी तिच्या तोंडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली केशरी झाली. मिठाच्या डब्यावर मी आता आकडा लिहिला नाही, चार चमच्यांचं चित्र काढलं. पिल्लं रोज जात होती, ते चुकत नाही. देवयानी शिफ्टवरून आली की दारातूनच विचारायची, "आज किती गाळली?" मी सांगायचो, साठ, चाळीस, पंधरा. पाचवीच्या दिवशी मात्र ती न विचारता थेट टबापाशी गेली. आत बराच वेळ बघत बसली. आठव्या दिवसापासून पिल्लं एकमेकांच्या शेपटीला शेपटी गुंडाळायला लागली, तेव्हा यतिनने त्यांना धरायला हिरव्या दोऱ्याचे तुकडे सोडले. दहाव्या दिवशी गाळणी कोरडीच राहिली.

बाराव्या दिवशी देवयानीने सुट्टी घेतली. सकाळी तिने घोड्यांची पैदास करणाऱ्या वॉलॉंगॉंगच्या माणसाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "घोडे परत येत नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली. "उलट पिल्लं मोठी झाली की काही तुम्हालाच देऊ, चालेल?" मग फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, शिरा करतेय. घुगऱ्यांना हरभरे रात्रीच भिजत घातलेत."

रात्रीच! म्हणजे सकाळ व्हायच्या आधीच तिचं ठरलं होतं.

टबाचा फोटो काढून, त्यावर टिंबं देत देत आम्ही पिल्लं मोजली. तीनदा मोजली, तिन्ही वेळा तोच आकडा आला. मी एका कागदावर तो ठळक लिहिला आणि टबाला चिकटवला. अकरा वाजता टेरी आला. हातात नारळाच्या किसात घोळवलेल्या केकचा डबा, अंगात इस्त्रीचा शर्ट. शिऱ्याची बशी घेऊन तो टबाकडे वळला, आणि कागद बघून थबकला.

कागदावर लिहिलं होतं: ४४.

"एटी-एट!" टेरी ओरडला. शिरा बशीतून उडाला. "एटी-एट, मेट! यू लिटल ब्यूटी!" त्याने मला मिठी मारली, मग यतिनला मारली, आणि कुंपणापलीकडच्या बायकोला हाका मारत सुटला, एटी-एट, एटी-एट!

यतिनने काही सांगायला तोंड उघडलं. देवयानीने त्याच्या तोंडात घुगऱ्या कोंबल्या.

मी कागदाकडे बघितलं, टबाकडे बघितलं. हिरव्या दोऱ्यांना पिल्लं लटकली होती आणि टच्, टच् करत खात होती. तो कागद मी अजून बदललेला नाही.